सल्ल्याचा कागद आणि तो पाळणारा मेंदू : मधुमेह चिकित्सालयांना खुले पत्र

मधुमेह चिकित्सालयांतील डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक यांस,

सप्रेम नमस्कार.

टाइप २ मधुमेहाचे निदान झाले की रुग्णाच्या हातात एक कागद पडतो. आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम, उष्मांकांचा हिशेब, कर्बोदके मोजून, ही गोळी जेवणाआधी, ती जेवणानंतर, आठवड्यातून दोनदा साखर तपासून वहीत लिहा, पाय रोज पाहा, वजन ठरलेल्या दिवशी करा. कागदात चूक अशी काही नसते. पण तो पाळायचा म्हणजे दिवसभरात काय काय करावे लागते, ते एकदा मोजून पाहा. आठवण ठेवायची, आकडेमोड करायची, कामांचा क्रम लावायचा, समोर आलेला मोह परतवायचा, बेत फिसकटला तर आयत्या वेळी दुसरा आखायचा. मेंदूच्या नेमक्या याच कामांना मधुमेह आधी हात घालतो. आमचे सगळे म्हणणे एवढ्यातच आले. जीवनशैली बदला असे सांगताना आपण ज्या क्षमतेवर विसंबतो, ती शाबूत आहे की नाही हे तपासायचे राहून जाते. आणि सल्ला फसला की ठपका रुग्णाच्या इच्छाशक्तीवर बसतो.

मधुमेहातला मेंदूचा बिघाड म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर नावे विसरणारा, घरचा रस्ता चुकणारा माणूस येतो. तो शेवटचा टप्पा, आणि तोही काहींच्याच वाट्याला येतो. मधुमेहींना स्मृतिभ्रंशाचा धोका इतरांपेक्षा साधारण दीडपट असतो; रक्तवाहिन्यांच्या आजारातून येणाऱ्या स्मृतिभ्रंशाचा साधारण दुप्पट. म्हणजे बहुतेकांना तो होत नाही, हेही रुग्णाला सांगायला हवे. मात्र त्याच्या कितीतरी आधी, अगदी मध्यम वयातही, एक बारीकसा फरक पडलेला असतो. विचारांचा वेग थोडा मंदावतो. एक काम सोडून दुसऱ्याकडे वळताना अडखळायला होते. चार पायऱ्यांच्या कामात तिसरी पायरी गळते. गप्पा मारताना हे कळत नाही. माणूस हुशारीने बोलतो, हसतो, मान डोलावतो, कागद घडी करून खिशात ठेवतो.

यामागची कारणे अनेक आहेत. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण ऊर्जेचा खर्च वीस टक्क्यांच्या आसपास. हा पुरवठा ज्या बारीक रक्तवाहिन्यांतून होतो त्या मधुमेहात, रक्तदाबात आणि धूम्रपानात जाड आणि ताठर होतात. मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात, म्हणजे एका केंद्राला दुसऱ्याशी जोडणाऱ्या तारांच्या जाळ्यात, छोटे छोटे चट्टे पडतात. एमआरआयमध्ये ते पांढरे ठिपके म्हणून दिसतात. तारा खराब झाल्या की आधी वेग जातो, साठवण नंतर. मृत्यूनंतरच्या तपासण्यांतही मधुमेहींच्या मेंदूत अल्झायमरच्या प्रथिनांच्या गाठींपेक्षा बारीक रक्तवाहिन्या तुंबल्याच्या खुणा जास्त ठळकपणे आढळल्या आहेत. त्यामुळे मधुमेहातल्या मेंदूरक्षणाचा विचार साखरेपुरता करून भागत नाही. रक्तवाहिनीला जे जे छळते, ते सगळे त्यात येते.

आता थोडे कडू बोलतो. 'वजन उतरवा, चालायला लागा, स्मरणशक्ती सुधारेल' असे वाक्य पत्रकांवर सर्रास छापले जाते. ते इतक्या सरळपणे खरे नाही. अमेरिकेतल्या लुक अहेड या चाचणीत टाइप २ मधुमेह आणि जास्त वजन असलेले ५,१४५ प्रौढ होते. एका गटाला कडक कार्यक्रम दिला: उष्मांक मोजून आहार, आठवड्याला १७५ मिनिटे व्यायाम, वारंवार भेटी. पहिल्या वर्षात त्यांचे वजन सरासरी ८.६ टक्के उतरले, दुसऱ्या गटाचे ०.७ टक्के. हृदयविकार आणि पक्षाघात यांच्या प्रमाणात फरक दिसेना म्हणून २०१२ मध्ये कार्यक्रम थांबवला. पुढे मेंदूच्या चाचण्या झाल्या, तेव्हा आकलनक्षमतेतही दोन गटांत एकूण फरक आढळला नाही. ज्यांचे वजन फार जास्त होते किंवा ज्यांना आधीच हृदयविकार होता, त्यांच्यात तर कल उलट्या दिशेने दिसला. त्याच वेळी, ज्यांचे एमआरआय काढले त्यांच्यापैकी कडक कार्यक्रमाच्या गटात ते पांढरे चट्टे कमी होते. मेंदूचे चित्र थोडे बरे, कामगिरी तीच.

नुसती साखर रेटून खाली आणली तर? तेही करून झाले आहे. अ‍ॅकॉर्ड चाचणीच्या मेंदूविषयक भागात सुमारे ३,००० रुग्ण होते. एका गटाचे एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारा रक्ततपासणीचा आकडा) ६ टक्क्यांच्या खाली आणायचे, दुसऱ्याचे ७ ते ७.९ मध्ये ठेवायचे. ४० महिन्यांनी कडक गटाच्या मेंदूचे आकारमान किंचित जास्त टिकले, पण चाचण्यांमधले गुण सारखेच राहिले. मूळ चाचणीतल्या कडक गटात मृत्यू जास्त झाल्याने २००८ मध्ये ते उद्दिष्टच सोडून द्यावे लागले होते.

यावरून जीवनशैली निरुपयोगी ठरत नाही. फिनलंडच्या फिंगर चाचणीत (निष्कर्ष २०१५) ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांपैकी निम्म्यांना आहार, व्यायाम, मेंदूचे व्यायाम आणि रक्तदाब-साखर-कोलेस्टेरॉल यांवर देखरेख असा एकत्र कार्यक्रम दोन वर्षे दिला, आणि आकलनाच्या चाचण्यांत त्यांची सुधारणा नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा जास्त झाली. ते सगळे मधुमेही नव्हते, त्यांचा धोका सरासरीपेक्षा जास्त होता इतकेच. आमचे वाचन असे: एकच दोरी ओढून फारसे काही होत नाही, चारपाच दोऱ्या बेताने आणि एकत्र ओढाव्या लागतात. आणि उशीर झालेला असेल तर जोर लावण्यापेक्षा इजा टाळणे महत्त्वाचे ठरते.

म्हणून पहिली विनंती अशी: सल्ला लिहिण्याआधी मेंदू तपासा. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनची मार्गदर्शक तत्त्वे ६५ आणि त्यापुढच्या वयाला पहिल्या भेटीत व नंतर दर वर्षी ही तपासणी करायला सांगतात. त्याहून लहान वयात काही खुणा दिसल्या की करावी: आधी व्यवस्थित चाललेले गोळ्यांचे वेळापत्रक अलीकडे बिघडले आहे, भेटी चुकतात, हायपो (रक्तातली साखर धोक्याइतकी उतरणे) वारंवार होतो, प्रयत्न न करता वजन उतरत चालले आहे. या शेवटच्या खुणेवर अभिनंदन करण्याची सवय आपल्याला आहे, ती मोडायला हवी. स्मृतिभ्रंशाच्या निदानाआधी काही वर्षे वजन आपोआप घटू लागते, हे ठाऊक असलेली गोष्ट आहे. आणखी एक खूण वहीत सापडते. साखरेचे महिनाभराचे आकडे एकाच पेनाने, एकाच वळणात, एका बैठकीत लिहिलेले दिसले की आपण मनात 'थाप' म्हणतो. पुष्कळदा ती थाप नसून न आठवलेल्या गोष्टीवर घातलेले पांघरूण असते.

मिनी-कॉग या छोट्या चाचणीला तीन मिनिटे लागतात. तीन शब्द सांगायचे, घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला लावायची, मग ते तीन शब्द विचारायचे. प्रत्येक शब्दाला एक गुण, बरोबर घड्याळाला दोन; पाचपैकी तीनपेक्षा कमी आले तर पुढे तपासायचे. घड्याळाचा भाग गाळू नका. आखणी आणि क्रम यांची गडबड तिथेच उघडी पडते. शब्द तिन्ही आठवतात आणि काटे मात्र दहावर आणि अकरावर जातात. 'आज वार कोणता' छापाच्या जुन्या प्रश्नावल्या या गडबडीला जवळपास आंधळ्या असतात. वेळ आणि प्रशिक्षित माणूस असेल तर मोका (MoCA) ही अधिक सविस्तर चाचणी घ्या: ३० गुण, २६ पासून पुढे सामान्य, शिक्षण बारा वर्षे किंवा कमी असेल तर एक गुण वाढवायचा. चाचणी रुग्णाच्या स्वतःच्या भाषेत, चष्मा आणि श्रवणयंत्र लावून घ्यायची. त्या क्षणीची साखर आधी मोजायची. ती ७० मिग्रॅ/डेलिच्या खाली किंवा फार वर असेल, ताप असेल, नुकतेच रुग्णालयातून घरी आले असतील तर तो दिवस सोडून द्यायचा.

गुण कमी आले म्हणजे स्मृतिभ्रंश झाला, असा शिक्का लगेच मारू नये. आधी दुरुस्त होण्याजोगे काही आहे का ते पाहावे. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी१२ जीवनसत्त्व घटते; ते तपासावे. थायरॉइड पाहावे. नैराश्य विचारावे, कारण मधुमेहात ते जास्त आढळते आणि विसरभोळेपणाचे सोंग हुबेहूब आणते. घोरणे, झोपेत श्वास अडकणे, दिवसा पेंग येणे हे विचारावे. आणि औषधांची पिशवी टेबलावर ओतायला लावावी. मधुमेहातल्या पायांच्या जळजळीवर दिलेली अमिट्रिप्टिलीन वयस्कांच्या स्मृतीवर झापड आणते. लघवीच्या घाईवरची ऑक्सिब्युटिनिन तेच करते, सर्दी-खाजेवरच्या जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्याही तेच करतात. तिन्ही एका पिशवीत निघणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. आपण एका हाताने मेंदूसाठी चालायला सांगतो आणि दुसऱ्या हाताने त्याला गुंगी देतो.

कागदी चाचणीपेक्षाही बोलकी एक परीक्षा आहे. रुग्णाला सांगा, 'आठवड्याची गोळ्यांची डबी माझ्यासमोर भरून दाखवा, इन्सुलिनचे पेन लावून दाखवा.' सुई बसवणे, दोन युनिट हवेत सोडून पेन तपासणे, डोस फिरवणे, टोचल्यावर बटण दाबलेलेच ठेवून दहापर्यंत मोजणे. यातली कोणती पायरी गळते ते डोळ्यांना दिसते, आणि त्या घरात कोणत्या कामासाठी दुसऱ्याचा हात लागेल ते तिथल्या तिथे ठरवता येते.

दुसरी विनंती हायपोबद्दल, आणि इथे आम्ही थोडे रेंगाळणार आहोत, कारण जीवनशैली बदलताना मेंदूला होणारी सगळ्यात टाळण्याजोगी इजा हीच. अमेरिकेतल्या १६,६६७ मधुमेहींच्या नोंदी पाहून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रुग्णालय गाठावे लागण्याइतका हायपो एकदा झालेल्यांत पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे सव्वापट आणि तीन किंवा अधिक वेळा झालेल्यांत जवळपास दुप्पट आढळला. २०१३ मधल्या दुसऱ्या अभ्यासाने उलटी बाजूही दाखवली: ज्यांना स्मृतिभ्रंश झाला, त्यांना नंतर तीव्र हायपो होण्याचा धोका तिप्पट. एकातून दुसरे, दुसऱ्यातून पुन्हा पहिले, असा तो फेरा आहे.

चांगल्या सल्ल्यातूनच या फेऱ्यात माणूस कसा ढकलला जातो ते पाहा. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे. आहारतज्ज्ञांनी कर्बोदके कमी केली. समुपदेशकांनी संध्याकाळचे चालणे सुरू करून दिले. तिघांचेही बरोबर, फक्त औषधाचा डोस जुन्या खाण्यावर आणि जुन्या बैठ्या दिवसावर बेतलेला होता तो तसाच राहिला. व्यायामानंतर स्नायू कित्येक तास रक्तातली साखर ओढत राहतात, त्यामुळे संध्याकाळच्या श्रमाचा हायपो मध्यरात्री येतो. घरच्यांना सकाळी डोके दुखणारा, घामाने भिजलेला, चिडचिडा माणूस दिसतो. डिरेक्ट चाचणीत दिवसाला सुमारे ८५० उष्मांकांचा आहार देताना मधुमेहाच्या गोळ्या पहिल्या दिवशीच बंद केल्या होत्या, आणि इन्सुलिनवर असलेल्यांना चाचणीत घेतलेच नव्हते. त्यातल्या 'मधुमेह उलटवला' या ओळीइतकाच हा तपशीलही पुढे पोहोचायला हवा होता. आहार किंवा व्यायाम बदलण्याच्या कागदावर डोसाचा निर्णय त्याच दिवशी, त्याच कागदावर, डॉक्टरांच्या सहीने लिहिलेला असावा. आहारतज्ज्ञांनी सहीची जागा रिकामी दिसली तर कागद देऊच नये, इतका साधा नियम करता येईल. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या) चालू असेल तर धोका वेगळा: कर्बोदके फार कमी केली किंवा उपाशी राहिले तर साखर फारशी न वाढताही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्ले) साठतात. मळमळ, पोटदुखी, धाप अशी लक्षणे दिसली तर 'साखर ठीक आहे ना' म्हणून घरी थांबायचे नाही, हे ठळक लिहावे.

हायपोची लक्षणे सांगताना थरथर, घाम, धडधड एवढ्यावर थांबू नका. वय वाढले की हे भोंगे मंद वाजतात; बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारी, रक्तदाब-हृदयविकारावरची गोळी) चालू असेल तर धडधड आणि थरथर दबते, घाम तेवढा येतो. मग पहिले लक्षण मेंदूचेच असते: भलताच शब्द, असंबद्ध उत्तर, अकारण हट्ट, लडखडणे. घरचे म्हणतात, 'अलीकडे यांचं असंच चाललंय.' म्हणून घरातल्या दुसऱ्या माणसाला एकच वाक्य शिकवा: अचानक वेगळे वागले तर वाद घालण्याआधी साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे चार-चार ग्रॅमच्या चार गोळ्या किंवा साखर असलेला फळांचा रस १५० मिली. १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचे, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढेच. गिळता येत नसेल, शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालायचे नाही, रुग्णवाहिका बोलवायची. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा शोषली जाते. आणि व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर नेहमीची साखर कामाची नाही, कारण तिचे विघटनच त्या गोळीने अडवलेले असते. तिथे ग्लुकोजच हवे. ही ओळ फार थोड्या पत्रकांत सापडते.

उद्दिष्टही माणूस पाहून ठरवा. निरोगी, सगळे स्वतः सांभाळणाऱ्या वयस्काला एचबीए१सी ७ ते ७.५ च्या खाली ठीक. स्मृतीची सौम्य ते मध्यम अडचण किंवा अनेक आजार असतील तर ८ च्या खाली पुरे. इन्सुलिनवर असलेल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, विसरायला लागलेल्या माणसाचा ६.३ हा आकडा टाळ्या वाजवण्याचा नाही, डोस कमी करण्याचा आहे. एचबीए१सी ही सरासरी असते, तिच्या पोटात रात्रीचे ५० आणि दुपारचे २४० दोन्ही सुखाने नांदतात. सतत साखर मोजणारा सेन्सर परवडत असेल तर अशा वयात ७० च्या खालचा वेळ एक टक्क्याच्या आत ठेवायचा.

रक्तदाबाबाबत थोडक्यात. वरचा आकडा १३० च्या खाली आणणे योग्य. १२० च्या खाली रेटण्याने आकलन-ऱ्हास कमी झाल्याचे ज्या स्प्रिंट चाचणीत दिसले, तिच्यातून मधुमेहींना वगळले होते; अ‍ॅकॉर्डमधल्या मधुमेहींत मात्र १२० च्या खालच्या गटाच्या मेंदूचे आकारमान उलट जास्त घटले आणि चाचण्यांतले गुण सारखेच राहिले. निदान मेंदूच्या नावाखाली तरी ती घाई नको. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने उतरतो का, हे प्रत्येक वयस्क मधुमेहीत पाहा. उठताना भोवळ येणाऱ्याला 'पहाटे उठून चाला' हा सल्ला म्हणजे पडायला लावलेला मुहूर्त.

आता चालण्याकडे. '३० मिनिटे चाला' हे वाक्य दिवसात कुठेही बसते, म्हणून कुठेच बसत नाही. त्याऐवजी तीन जेवणांना तीन खिळे ठोका. न्यूझीलंडमध्ये ४१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटे चालणाऱ्यांची जेवणानंतरची साखर, दिवसात कधीतरी सलग ३० मिनिटे चालण्याच्या तुलनेत, सरासरी १२ टक्के कमी राहिली; रात्रीच्या जेवणानंतर हा फरक सर्वांत मोठा होता. आमच्या दृष्टीने यातला खरा फायदा आठवणीचा आहे. जेवण विसरत नाही. ताट उचलले की बूट घालायचे, एवढाच नियम. वेळ पाहायची नाही, गजर लावायचा नाही, ठरवायचे काही उरत नाही.

वेग किती? नाडी मोजायला सांगू नका. बीटा ब्लॉकरवर आणि मज्जासंस्थेच्या आजारात नाडी खोटे बोलते. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतका दम लागावा. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, स्नायूंचे काम: खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे आठ ते दहा वेळा, थोडी विश्रांती, पुन्हा तेवढेच; भिंतीला हात लावून दंड; टाचा उचलणे. ज्यांचा तोल जातो त्यांना ओट्याला धरून एका पायावर उभे राहण्याचा सराव. बसून अर्धा तास झाला की उठणे. इन्सुलिन किंवा हायपो करणाऱ्या गोळ्या चालू असताना व्यायामाआधी साखर ९० च्या खाली असेल तर आधी थोडे कर्बोदक खायचे. २५० च्या वर असेल आणि कीटोन असतील तर त्या दिवशी व्यायाम नाही. डोळ्यांच्या पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या उगवलेल्या असतील तर श्वास रोखून जड उचलणे बंद. पायांना बधिरपणा असेल तर आधी बूट, मग चालणे. आणि परतल्यावर मोजे काढून तळवे पाहणे.

व्यायामाने मधुमेहींची स्मरणशक्ती वाढतेच असे छातीठोकपणे सांगण्याइतका पुरावा नाही. परिणाम लहान आहेत आणि अभ्यासाअभ्यासांत वेगळे. पण पाय सशक्त राहिले, पडणे टळले, झोप लागली, मन थोडे उभारी धरून राहिले, तर मेंदूच्या वाटेतले चार खड्डे बुजतात. एवढे सांगितले तरी माणसे चालतात. खोटे आमिष लागत नाही.

आहारात उष्मांक मोजायला लावणे हा मंदावलेल्या मेंदूवर टाकलेला सर्वांत जड बोजा. ताटाचे चित्र द्या: अर्धे पिष्ट नसलेल्या भाज्यांचे, पाव प्रथिनांचे, पाव धान्याचे. ताट तेच, वाट्या त्याच, जेवणाच्या वेळा त्याच. सकाळचा एक ठरलेला नाश्ता, तो न बदलणारा. विविधता चांगली असते हे खरे, पण प्रत्येक पर्याय म्हणजे एक निर्णय. घरात स्वयंपाक दुसरे कोणी करत असेल तर सल्ला त्या व्यक्तीला द्या. रुग्णाला निरोप्या बनवू नका.

साठीनंतर वजन उतरवताना सावधपणा हवा. उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायू आणि हाडही जाते. लुक अहेडमध्ये कडक कार्यक्रमाच्या गटात खुबा, कटीचे हाड (पेल्विस), दंडाचा वरचा भाग अशा ठिकाणची अस्थिभंगाची प्रकरणे जास्त होती. खुब्याचे हाड मोडून महिनाभर अंथरुणावर पडलेल्या माणसाचा मेंदू त्या महिन्यात जे गमावतो, ते चार किलो उतरवून परत येत नाही. म्हणून या वयात वजन कमी करायचेच असेल तर स्नायूंचा व्यायाम सोबत नसताना सुरू करू नये, आणि मूत्रपिंडे ठीक असतील तर दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने मिळतात का ते पाहावे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर ते ०.८ च्या आसपास. अशक्त, आपोआप वजन घटणाऱ्या माणसाच्या कागदावरून 'वजन कमी करा' ही ओळ खोडाच.

धूम्रपान सोडवणे, कानाची तपासणी करून गरज असेल तर यंत्र बसवणे, झोपेत श्वास अडकत असेल तर त्याचा इलाज: यांवर नवे सांगण्यासारखे नाही, करायचे मात्र राहते. ऐकू न येणाऱ्याला दिलेला तोंडी सल्ला हा बहुधा भिंतीलाच दिलेला असतो. शब्दकोडी आणि मोबाइलवरचे 'ब्रेन गेम' यांबद्दल विचारणारे पुष्कळ भेटतील. खेळात खेळापुरते कौशल्य वाढते. गोडी असेल तर खेळू द्या, चालण्याच्या बदल्यात नको.

राहिला तो कागद. तो असा करता येईल. एका पानावर जास्तीत जास्त तीन सूचना, मोठ्या अक्षरांत, प्रत्येक सूचना 'हे झाले की ते' या घाटाची. 'दात घासले की सकाळच्या खणातल्या गोळ्या.' 'ताट उचलले की बूट.' 'झोपायला जाताना साखर मोजा, १०० च्या खाली असेल तर खाऊन झोपा' ही तिसरी फक्त हायपोचा धोका असणाऱ्यांना. गोळ्या जमतील तितक्या दिवसातून एका वेळेवर आणा. दोन गोळ्या एका गोळीत येत असतील तर तसे करा. इन्सुलिन घेतले की नाही हे आठवत नसेल तर पुन्हा टोचायचे नाही, साखर मोजून चिकित्सालयाला फोन करायचा, हे वाक्य आणि फोन क्रमांक पानाच्या अगदी वर. इतर सूचना पुढच्या भेटीसाठी ठेवा. कागद रिकामा दिसतो म्हणून भरू नका.

कागद दिल्यावर 'समजलं ना?' असे विचारू नये. त्याला 'हो' याशिवाय उत्तर नसते. 'घरी गेल्यावर घरच्यांना काय सांगाल, ते मला सांगून दाखवा,' असे म्हणावे. सांगताना जी ओळ सुटेल ती सोपी करून पुन्हा लिहावी; तरीही सुटली तर ती ओळ घरातल्या दुसऱ्या माणसाच्या नावावर टाकावी, आणि तसे रुग्णासमोर, त्याच्या संमतीने, मान राखून ठरवावे. इथे शब्द जपून वापरावे लागतात. 'तुम्हाला जमणार नाही' म्हटले की माणूस पुढच्या भेटीला येत नाही.

दोन-तीन आठवड्यांनी एक फोन करा. 'पाळताय ना सगळं?' हा प्रश्न त्यात नको. 'काल रात्री जेवल्यावर काय केलंत?' एवढेच विचारा, आणि उत्तर यायला वेळ लागला तर मध्ये बोलू नका.

आपले,
मधुमेह आणि स्मृतीचे आजार या दोन्हींच्या सीमेवर काम करणारे काही सहकारी